रामाच्या नावाच्या सात घागरी

आमच्या घरी दिवस उजाडायचा तो थापीच्या आवाजाने. बा एका हाताने घागरीच्या आत गोल दगड धरायचा आणि दुसऱ्या हाताने बाहेरून लाकडी थापीने ठोकत ठोकत तिचं पोट वाढवत न्यायचा. थप थप थप, मग जरा थांबून घागर फिरवणं, की पुन्हा थप थप. ह्या आवाजात मी झोपले, जेवले, पाढे पाठ केले. अजूनही सतराचा पाढा म्हणायची वेळ आली तर मी मध्येच थांबते, कारण तिथे बा घागर फिरवायचा. केनवडच्या अलीकडे आमचं खेडं, गावाच्या कडेला कुंभारांचं आमचं एकच घर, अंगणात चाक, मागे घागरी भाजायचा आवा आणि दोन गाढवं. गाढवं ओरडली की शाळेत पोट्टे माझ्याकडे बघून म्हणायचे, "वच्छे, तुले बोलावून राह्यले." मी म्हणायची, "मले नाई, तुलेच. आवाज ओळखला नाई काय आपल्या मामाचा?" तोंडाने मी लहानपणापासूनच वाईट.

चाकाला बाईमाणसाने हात लावायचा नाही, असा आमच्यात दंडक होता. माती तुडवायला, राख चाळायला, लीद मळायला, घागरींना तांबडी काव फासायला आणि आव्यात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या रचायला मात्र बाईमाणूसच लागायचं. ह्यात काही चुकतंय असं मायला कधी वाटलं नाही. मला वाटायला लागलं तेव्हा ती म्हणाली, "शाळेत हेच शिकवतेत काय वं?" मायला माझी शाळा मान्य नव्हती. सातवीपर्यंत गावातच होती म्हणून तिने चालवून घेतली. आठवीला मात्र यष्टीने रिसोडला जावं लागणार होतं, म्हणजे सकाळची गेलेली पोरगी दिवस कलताना घरी येणार. मग माती कोण तुडवणार? माय रोज भाकरी थापताना हा प्रश्न बाला विचारायची, आणि बा रोज एकच उत्तर द्यायचा, "आखजी होऊ दे, मंग पाहू." मी ताटातली अंबाडीची भाजी चिवडत ऐकायची. माझा सगळा जन्म त्या "पाहू"वर अडकला होता, आणि माय वरून ठेचा वाढून म्हणायची, "खाय मुकाट्यानं."

आखजी म्हणजे अक्षय तृतीया. कुंभाराचा सगळ्यात मोठा सण, कारण त्या दिवशी प्रत्येक घरात गेलेल्या माणसांच्या नावाने नवी घागर भरतात. पाटावर गहू पसरून त्यावर पाण्याने भरलेली लाल घागर, तिच्या तोंडावर खरबूज नाहीतर आंबा, पुढे पुरणपोळी, कुरडया, शेवया आणि चिंच-गुळाची चिंचोणी. घरचे पितर त्या दिवशी येतात, पाणी पितात, जेवतात आणि तृप्त होऊन जातात, असं सगळे मानायचे. ज्याच्या घरी त्या वर्षी कुणी गेलेलं असेल, त्याची घागर तर बा टिचकी मारून तीन-तीनदा तपासायचा. म्हणायचा, "जित्या माणसाची घागर गळली तं थो येऊन भांडते. मेलेला बिचारा कोठी जाईन?"

भांडायला माणसं खरंच यायची, आणि माझ्या हातून जे झालं ते त्याच्यातूनच झालं. उन्हाळ्यात दर दोन दिवसांनी कुणीतरी दारात उभं राहायचं. घागर गळते, घागर पाझरते, घागरीत पाणी थंड होत नाही. स्वतः आपटून आणायचे आणि बोल घागरीला लावायचे. बा मान खाली घालून ऐकून घ्यायचा आणि दुसरी काढून द्यायचा. मला इतका राग यायचा! बा बोलत नाही तर घागरीनेच बोलावं, तोंड तर तिलाच आहे, असं माझ्या मनाने घेतलं. घागर अर्धवट वाळली की तिचं अंग चामड्यासारखं होतं, काटा टोचला की रेघ नेमकी उमटते. एका दुपारी माय डोळा लावून पडली असताना मी बाभळीचा काटा घेतला आणि एका घागरीच्या गळ्याखाली बारीक अक्षरात कोरलं, "मी गळत नाई. तूच सांडून राह्यला." कोरून झाल्यावर मी एकटीच इतकी हसले की गाढवाने कान टवकारले.

परवा नातीने मोबाइलवर काही चित्रं दाखवली. रोमन लोकांची रोजच्या वापरातली वाडगी, सुरया, ताटल्या, आणि त्यांवर टोकदार कशाने तरी खरवडलेली अक्षरं. कुणी आपलं नाव टाकलेलं, कुणी दुसऱ्याची टिंगल केलेली. नातीला वाटलं, आजीला काहीतरी अजब दाखवतोय. मी म्हटलं, बाई, ह्यात अजब काय आहे? माणसाच्या हातात टोकदार वस्तू आणि समोर भांडं आलं, की तो शहाण्यासारखा थोडाच बसणार? तिच्या स्वतःच्या कपावर इंग्रजीत छापलंय की चहा होईपर्यंत माझ्याशी बोलू नका. ते तिला दुकानात विकत मिळालं. मला ते फुकट सुचायचं, एवढाच काय तो फरक.

तर बाने ते कोरलेलं पाहिलं. घरात अक्षर येणारी मी एकटीच. बा घागर उचलून उजेडात धरून म्हणाला, "हे काय करून ठेवलं वं?" काहीही सांगता आलं असतं, वेल आहे, नक्षी आहे. पण तोंडातून निघालं, "रामाचं नाव हाये, बा." त्याने घागर दोन्ही हातांनी धरली आणि कपाळाला लावली. मग मायला हाक मारून दाखवली, "पाह्य, पोट्टीनं घागरीवर राम लिव्हला. आजवर कोण्या कुंभारानं लिव्हला काय?" त्या रात्री मायने शाळेचा विषय काढला नाही. खरं सांगून टाकायची ती वेळ होती. पण बाचा चेहरा इतका फुलला होता, आणि मला रिसोडची यष्टी इतकी जवळ दिसायला लागली होती, की मी तोंड बंदच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी बाने आखजीच्या घागरी माझ्यापुढे मांडल्या आणि म्हणाला, गावातल्या घरांसाठी ज्या आहेत त्यांच्यावर राम टाक. मी बसले. बारा घागरींवर मी खरोखर राम लिहिला, सुवाच्य, एकामागून एक, देवाशप्पथ. मग मला कंटाळा आला. ज्याने ओळीने बारा वेळा एकच शब्द मातीत कोरला आहे त्यालाच हे कळेल. तेराव्या घागरीवर मी लिहिलं, "पह्यले हात धू." मग हात थांबेना. आधीची ती एक धरून अशा सात घागरी झाल्या. मायने त्यांच्यावर काव फासली, आवा लागला, घागरी भाजून तांबड्यालाल झाल्या आणि अक्षरं पक्की बसली. बा गाढवावर माल लादून घरोघर फिरला आणि प्रत्येक दारात सांगत गेला की पोरीने रामाचं नाव टाकलंय, पितराला आणखी काय पाहिजे. लोकांनी घागरी हात जोडून घेतल्या आणि फडक्याखाली झाकून ठेवल्या. ज्या घागरीवर राम आहे असं सांगितलंय ती वाचायला कोण जातो?

वाचली ती आमच्या गुरुजींनी. गुरुजी शाळेशेजारच्या खोलीत एकटे राहायचे आणि त्यांना पितर-बितर काही नको होते, प्यायच्या पाण्याला घागर हवी होती; बा आला तेव्हा ते घरी नव्हते, घागर दाराशी ठेवलेली मिळाली. आखजीच्या आदल्या दिवशी, दुपारचं जेवण आटोपून बा अंगणात टेकला होता, तेव्हा ते हसत हसत आले. म्हणाले, "तुमची घागर मोठी शिस्तीची निघाली हो. पाणी घ्यायला गेलो तर म्हणते, पह्यले हात धू."

बा पण हसला. "घागर कशी बोलीन, गुरुजी? तिच्यावर तं रामाचं नाव हाये."

गुरुजींचं हसू तोंडातच राहिलं. ते माझ्याकडे बघायला लागले, आणि ते बघतात म्हणून बासुद्धा माझ्याकडे बघायला लागला. गुरुजी बिचारे कानकोंडे झाले, काहीतरी काम आठवलं म्हणाले आणि निघून गेले. बा मला ओरडला असता, दोन थोबाडीत दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. त्याने फक्त विचारलं, "किती?"

"सात."

"बाकीच्या?"

"बाकीच्याईवर खरंच राम हाये, बा. बारा हायेत."

सातही घागरींची ठेवण त्याने विचारून घेतली आणि कुठली कुठल्या घरी दिली ते आठवून काढलं. माय हातातली कावेची वाटी खाली ठेवून दारात आली होती. ती म्हणाली, "घ्या. अजून शिकवा. लोकाईच्या मेलेल्या मायबापाची टिंगल केली पोट्टीनं, अन् तुमी गावभर रामाची दवंडी देत फिरले. कोण घेईन आता तुमच्या हातची घागर? आठवी-बिठवी काई नाई. उद्यापासून माती तुडव." मी बाकडे पाहिलं. आज त्याचं ते "पाहू"सुद्धा आलं नाही. माझी शाळा संपली हे मला तिथेच कळलं, आणि खरं सांगते, त्या क्षणी मला शाळेपेक्षा बाच्या त्या चेहऱ्याचं जास्त वाईट वाटलं.

बा उठला. गाढवाच्या पाठीवरच्या जाळीत, घागरी आदळू नयेत म्हणून, कुटाराचा भुसा भरून त्याने सहा साध्या घागरी ठेवल्या. मला म्हणाला, "चाल."

"कुठं?"

"जिथं जिथं गेल्या तिथं."

"काय कराले?"

"वाचाले," बा म्हणाला.

अशी आमची मिरवणूक निघाली. पुढे बा, मध्ये गाढव, मागे मी. वैशाखाचं ऊन, धुळीत पाय भाजत होते आणि मी मनात म्हणत होते, गाढवाने पाय मुरगळावा, घागरी फुटाव्यात, गाव संपून जावं. पहिलं घर सखाराम काकांचं. त्यांच्या मिशा तालुक्यात गाजलेल्या. बाने दारातच सांगितलं, "चूक झाली, काका. थ्या घागरीवर राम नाई. पोट्टी वाचून दाखवते. मंग तुमी म्हणसान तं दुसरी देतो." काकांनी फडकं काढलं. मी डोळे मिटून वाचलं, "पाणी पे, पण मिशा बाहेर ठेव." काकांनी मिशीवर हात नेला. मग आत वळून आपल्या भावाला हाक मारली, "अरे इकडे ये. आजाच्या मिशा आठवतेत का तुले? पाण्यात बुडे, अन् मंग पोराईच्या अंगावर झटके." दोघे भाऊ खांबाला धरून हसले, मला तीनदा वाचायला लावलं आणि घागर दिली नाही. मला जरा धीर आला. बाचा चेहरा तसाच.

दुसरं घर नवरा-बायकोच्या भांडणासाठी प्रसिद्ध. तिथली घागर म्हणत होती, "भांडा, पण मले फोडू नका." बाई म्हणाली, "जोरात वाच वं, ह्याईले आयकू जाऊ दे." नवरा म्हणाला, "हिलेच आयकव." दोघांचं तिथेच जुंपलं आणि आम्ही हळूच बाहेर पडलो. तिसऱ्या घरी "झाकण ठेव, बेडूक येते" निघालं. तिथल्या मावशीला त्यात काही वावगंच दिसलं नाही. म्हणाली, बरोबर आहे, मागच्या साली आला होता. चौथ्या घरी ती पहिली, न गळणारी घागर होती. घरधनी खजील झाला, कारण चैत्रात दोनदा घागर बदलून नेणारा तोच होता. तोही म्हणाला, राहू द्या.

मग नारायणबुवांचं घर आलं. बुवा म्हणजे गावातला सगळ्यात कडक माणूस, त्यांच्यापुढे कुणी टोपी काढून बसायचा नाही. ओसरीवर घरची चौदा-पंधरा माणसं सणाच्या तयारीत बसलेली. बाने तेच सांगितलं. बुवा म्हणाले, "वाच." मी बाच्या मागे सरकले. कारण त्या घागरीवर मी लिहिलं होतं, "माह्या बुडाकडे पाहू नको." मी वाचलं. बाया पदर तोंडात कोंबून आत पळाल्या, एक सून तर न राहवून मोठ्यानेच हसली. बुवांच्या कपाळावरची शीर उठली. त्यांनी घागर स्वतः उचलली आणि ओट्याखाली उंबऱ्याबाहेर नेऊन ठेवली. बाला म्हणाले, "माह्या बापाच्या नावानं हे? जाय. दुसरी बी नोको." त्यानंतर त्यांनी केनवडच्या बाजारातून घागर आणवली, आणि पुढची कितीतरी वर्षं केनवडचीच आणली. बाला ते फार लागलं. रस्त्याने त्याने पहिल्यांदा डोळे पुसले, आणि मी गाढवाच्या आड तोंड लपवून रडले.

शेवटचं घर गोदामायचं. तिचा नवरा, देवराव आजा, त्या वर्षी दिवाळीनंतर गेला होता. म्हणजे त्या घरची ही पहिलीच घागर. देवराव आजाला कामधंद्यापेक्षा गप्पांची हौस. कुणाच्याही दारात "पाणी पाज वं माय" म्हणत बसायचा आणि दोन-दोन तास हलायचा नाही. तो उठून गेला की माय पाठीमागे जे पुटपुटायची तेच मी घागरीवर कोरलं होतं. सातांतली नेमकी हीच त्याच्याच घरी जाईल, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. मुलं शेतात गेलेली. घरात गोदामाय आणि सून, दोघींनाही अक्षर येत नव्हतं. घागर पाटावर मांडून झाली होती, शेजारी खरबूज काढून ठेवलं होतं. आम्हाला बघून गोदामाय म्हणाली, "बरं केलं वं पोरी, राम लिव्हला. ह्याईनं उभ्या जन्मात देवाचं नाव नाई घेतलं, सारखी बडबड. मेल्यावर तरी जवळ राम राहीन."

आता काय वाचू? घागरींची अदलाबदल झाली, हिच्यावर रामच आहे असं म्हटलं असतं तर म्हातारी सुखावली असती. त्या खोलीत, बा धरून, कुणालाही कळलं नसतं. बाने दारात सांगायचं ते सांगितलं आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "वाच." मी त्याच्याकडे पाहिलं. तो घागरीकडे बघत नव्हता, माझ्या तोंडाकडे बघत होता. मी वाचलं, "पाणी पेलं ना? आता घरी जाय."

सुनेने हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हातारी म्हणाली, "अजून एकखेप वाच." मी वाचलं. ती हसायला लागली, आधी थोडं, मग अंग हलेपर्यंत, आणि हसता हसता रडायला लागली. म्हणाली, "सारं गाव त्याले हेच म्हणे, अन् थो हाले नाई." पदराने तोंड पुसून ती बराच वेळ घागरीवरून हात फिरवत राहिली. "दवाखान्यात आठ दिवस थो माह्याकडे पाहे. त्याले लय तरास होये. अन् मी आपली म्हणे, नका जाऊ, नका जाऊ. सुखानं जा म्हणाले माह्यी जीभ नाई वळली, पोरी. राहू दे हे घागर. उद्या मी त्याले पाणी पाजीन अन् हेच म्हणीन." बाने साधी घागर पुढे केली होती, ती तिने हातानेच मागे सारली. निघताना तिने माझ्या हातावर दोन कुरडया ठेवल्या.

परत येताना उन्हं उतरली होती. जाळीत सहाही साध्या घागरी तशाच होत्या आणि बुवांनी परत केलेली सातवी. गावविहिरीपाशी बा थांबला. गाढवाला पाणी पाजता पाजता म्हणाला, "गोदामायपाशी तुले राम वाचता आला असता."

"व्हय."

"मले समजलं नसतं."

"व्हय, बा."

"मागच्या खेपेलेबी नाई समजलं," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच मला ते सोसवलं नाही. मी म्हटलं, बा, मी पुन्हा तुझ्याशी खोटं वाचणार नाही. तो ऐकून गाढवाचा दोर आवरत राहिला. बाशी मी आयुष्यात पुष्कळ खोटं बोलले असेन, सिनेमा, परीक्षा, पैसे, सगळं. पण कागद हातात असताना मी त्याला कधी फसवलं नाही, सातबारा असो की डॉक्टरची चिठ्ठी, त्याच्या स्वतःच्या शेवटच्या दुखण्याची चिठ्ठीसुद्धा.

घरी माय वाटच बघत होती. जाळीतली परत आलेली घागर तिने लगेच ओळखली. बाने झालं ते सगळं सांगितलं, बुवांचंही आणि गोदामायचंही, काही न लपवता. मायने ऐकून घेतलं, भाकरीचं पीठ परातीत घेतलं आणि म्हणाली, "मंग आता झालं ना शिक्षण?"

"रिसोडले नाव घालतो," बा म्हणाला. "माती मी तुडवीन."

मायचा हात थांबला. "एवढं होऊन? अन् उद्या पोट्टीनं अजून काही भलतंसलतं लिव्हलं तं?"

बाने थापी उचलली, सकाळी अर्धी राहिलेली घागर मांडीवर घेतली आणि म्हणाला, "लिव्हलं तं लिव्हलं. पोट्टी मले खरं वाचून दाखवीन."